तेलापाठोपाठ येणारं पाणी

तेलाची विहीर म्हटलं की काळंकुट्ट तेल उसळताना डोळ्यासमोर येतं, माझ्याही यायचं, पण ओक्लाहोमात इतकी वर्षं राहून आणि मातीच्या लॅबमध्ये काम करून आता ते चित्र पार बदललंय. तेलाच्या विहिरीतून मुख्यतः येतं ते पाणी, आणि त्याच्यासोबत थोडं तेल. २०१७ साली अख्ख्या अमेरिकेत मिळून असं साधारण २,४०० कोटी बॅरल (एक बॅरल म्हणजे १५९ लिटर) पाणी वर आलं, तेल त्याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. आणि ही झाली सरासरी. उत्तर ओक्लाहोमात मिसिसिपियन चुनखडीचा जो पट्टा आहे तिथे एक बॅरल तेलामागे दहा-दहा बॅरल पाणी उपसायला लागायचं, कधी त्याहूनही जास्त, आणि विहीर जुनी होत जाते तसं तेल कमी कमी होतं आणि पाणी वाढत जातं.

हे पाणी कसलं, तर कोट्यवधी वर्षांपूर्वी जिथे समुद्र होते तिथल्या गाळाचे खडक झाले, आणि त्या खडकांच्या छिद्रांमध्ये जे पाणी अडकून राहिलं, मुरत राहिलं, आजूबाजूचं मीठ विरघळवत राहिलं, ते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. नॉर्थ डकोटातल्या बाकेन भागातल्या पाण्यात लिटरला ३०० ग्रॅमपर्यंत सापडतात. आणि नुसतं खायचं मीठ नाही, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, ब्रोमाइड, बोरॉन, अमोनियम, आणि थोडं का होईना पण रेडियम. याला ब्राइन म्हणतात, इकडे फील्डवरचे लोक नुसतं सॉल्टवॉटर म्हणतात. ते ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं की समुद्राचं पाणी सांडलं असेल, त्यात काय एवढं.

या पाण्याचं करायचं काय, हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. आणि आजवर जी जी उत्तरं निघाली ती सगळी एकाच जातीची आहेत, की उचला आणि दुसरीकडे नेऊन टाका. हे माझं स्पष्ट मत आहे आणि ते कसं झालं तेच मला लिहायचंय, कारण मी काम करते मातीवर, पण या पाण्याच्या मागे जाता जाता मला भूकंपाचं वाचायला लागलं, आणि मग कळलं की आमच्या बीकरमधली गोष्ट आणि पाच किलोमीटर खोलवरची गोष्ट वेगळी काढताच येत नाही.

आधी माती. आमच्याकडे एक अगदी साधी चाचणी आहे, तिला कसलंही महागडं मशीन लागत नाही. वाळलेल्या मातीचं नखाएवढं ढेकूळ घ्यायचं आणि डिस्टिल्ड वॉटरच्या बीकरमध्ये हळूच सोडायचं, ढवळायचं नाही, हलवायचं नाही, नुसतं बघत बसायचं. चांगल्या जमिनीचं ढेकूळ असेल तर ते मऊ होतं, कडेनं बारीक तुकडे सुटून तळाशी पडतात, पण पाणी स्वच्छ राहतं. ब्राइन सांडलेल्या जागेचं ढेकूळ असेल, आणि त्यातलं वरवरचं मीठ पावसानं धुऊन गेलेलं असेल, तर काही मिनिटांतच ढेकळाभोवती दुधट वलय दिसायला लागतं, ते पसरत जातं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघितलं तरी पाणी गढूळच असतं, खाली बसायचं नावच घेत नाही. मला आजही ते वलय दिसलं की पोटात गोळा येतो कारण त्याचा अर्थ त्या रँचवाल्याला फोनवर कसा सांगायचा हे मला ठाऊक नसतं.

होतं काय, की चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. कॅल्शियम दोन पापुद्र्यांच्या मधे बसून त्यांना धरून ठेवतो, त्याच्यामुळे मातीचे रवे बनतात, रव्यांच्या मधे हवा आणि पाणी खेळतं. ब्राइनमधून सोडियमचा लोंढा आला की तो कॅल्शियमला हुसकावून लावतो, आणि सोडियम काही धरून ठेवत नाही, त्याच्याभोवती पाण्याचा जाड वेढा असतो, पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात, माती विस्कटते. आता यातली फसवी गोष्ट अशी की पाणी खूप खारट असतं तोवर हे दिसत नाही. भरपूर मीठ असलं की पापुद्रे तरीही एकत्र राहतात. मग पाऊस येतो, मीठ धुतलं जातं, सगळ्यांना वाटतं चला जमीन सुधारायला लागली, आणि नेमकं तेव्हाच सोडियमचा खरा परिणाम सुरू होतो, वरचा थर चिखल होऊन बंद होतो, वाळला की कडक पोपडा, पाणी आत मुरत नाही, वरूनच वाहतं, आणि वाहताना माती घेऊन जातं. म्हणजे पहिल्या चार पावसांनी जमीन बरी व्हायच्याऐवजी बिघडते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला चोपण जमीन काय असते हे सांगायला लागत नाही, ही तीच, फक्त कालव्याच्या पाण्यानं वर्षानुवर्षांत होते ती इथे एका रात्रीत, पाइप फुटून होते.

यावर उपाय आहे. जिप्सम टाकायचं, म्हणजे कॅल्शियम परत द्यायचा, सेंद्रिय पदार्थ मिसळायचे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निचरा करून द्यायचा म्हणजे सुटलेला सोडियम धुऊन खाली कुठेतरी जाईल. कुठेतरी म्हणजे कुठे, तर भूजलात. हे वाक्य आम्ही रिपोर्टमध्ये जरा सभ्य शब्दांत लिहितो. निचरा नाही केला तर मीठ उन्हाळ्यात केशाकर्षणानं परत वर येतं, पांढरं.

किती दिवस टिकतं हे? ओक्लाहोमाच्या ओसेज काउंटीत स्कायाटूक तलावाजवळ यूएसजीएसनं, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणानं, जुन्या तेलक्षेत्राचा फार बारकाईनं अभ्यास केलाय. तिथल्या विहिरी १९१३ च्या आसपास सुरू झालेल्या, बहुतेक तेल काही दशकांतच निघून गेलं, आणि त्याच्यासोबतचं पाणी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे जवळच्या खड्ड्यांत आणि ओढ्यांत. साठ-सत्तर वर्षं पाऊस पडून गेल्यावरही शास्त्रज्ञांना तिथल्या मातीत आणि खालच्या पाण्यात ते मीठ सापडलं, तेलाचे अंश सापडले, मेलेल्या झाडांच्या आणि उघड्याबोडक्या जमिनीच्या जागा तशाच. ज्यांनी तेल काढलं त्यांची नातवंडंसुद्धा म्हातारी झाली असतील.

पाण्याचं गणित तर अजून वाईट आहे. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर नको असं अमेरिकेतलं मार्गदर्शक प्रमाण आहे, त्याच्यावर गेलं की चव बिघडते. ब्राइनमध्ये क्लोराइड दीड लाख मिलिग्रॅम असणं अगदी नेहमीचं आहे. भागाकार करा. एक बॅरल ब्राइन ६०० बॅरल गोड पाण्याला त्या मर्यादेवर आणून ठेवतं, आणि क्लोराइड असा आहे की तो कशाला चिकटत नाही, कुजत नाही, उडून जात नाही, पाणी जाईल तिथे जातो. आता यात नॉर्थ डकोटाचा आकडा घालून बघा. विलिस्टनजवळ ब्लॅकटेल क्रीक नावाच्या ओढ्यापाशी एक पाइपलाइन फुटल्याचं जानेवारी २०१५ मध्ये बाहेर आलं, तेव्हा बातम्यांत ३० लाख गॅलन असं छापून आलं होतं. नंतर खटल्यात निघालं की गळती ऑगस्ट २०१४ पासून चालू होती, १४३ दिवस, आणि वाहून गेलेलं पाणी २ कोटी ९० लाख गॅलन, म्हणजे ७ लाख बॅरल. मिसूरी नदीला मिळणारे ओढे तीस मैलांहून जास्त अंतरापर्यंत बाधित झाले. २०२१ साली कंपनीनं गुन्हा कबूल केला आणि साडेतीन कोटी डॉलर दंड भरायचं ठरलं. दंडाबद्दल मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, पण १४३ दिवस दाबाचे आणि प्रवाहाचे आकडे कुणीतरी बघत असणार ना, आत इतकं जातंय आणि बाहेर इतकंच निघतंय हे त्यात दिसत असणार ना, हा विचार डोक्यातून जात नाही.

रेडियमचंही सांगते. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१६ साली नॉर्थ डकोटातल्या गळतीच्या जागांचा अभ्यास छापला, त्यात गळतीच्या जागच्या मातीत रेडियम साचलेलं सापडलं. क्लोराइड पाण्याबरोबर पुढे निघून जातो पण रेडियम मातीला धरून बसतं, आणि रेडियम-२२६ ची अर्धायु १,६०० वर्षं. त्याच लोकांनी हे पण दाखवलं की हे मीठ कुठून आलं हे ओळखता येतं, ब्रोमाइडचं प्रमाण आणि स्ट्रॉन्शियमचे आयसोटोप बघून. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते खाणीतलं मीठ, त्यात ब्रोमाइड फार कमी असतो. तेलक्षेत्राच्या ब्राइनमध्ये भरपूर. त्याच्यामुळे "हे आमचं नाही, हे रस्त्याचं मीठ आहे" असं कुणी म्हणालं तर नुसत्या एका गुणोत्तरावरून बरंच काही बोलता येतं. आमच्या लॅबमध्ये क्लोराइड सगळेच मागतात, ब्रोमाइड कुणी मागत नाही, मी मात्र प्रत्येकाला तो करून घ्यायला सांगते.

तर हे सगळं वर सांडू नये म्हणून खाली सोडायचं ठरलं, आणि त्या वेळी ते पाऊल बरोबरच होतं, मी त्या काळात असते तर मीही त्याच बाजूनं बोलले असते. टेक्ससनं १९६९ पासून उघड्या खड्ड्यांत ब्राइन टाकायला बंदी घातली. १९७४ साली सेफ ड्रिंकिंग वॉटर ॲक्ट आला, त्याच्याखाली इंजेक्शनच्या विहिरींचे वर्ग ठरले, तेलवाल्यांच्या त्या क्लास टू. आज देशभरात अशा दीड लाखाहून जास्त विहिरी आहेत, काही तेल ढकलायला पाणी सोडतात तर काही निव्वळ विल्हेवाटीसाठी. एक गोष्ट मात्र तेव्हाच चुकली असं मला वाटतं, ती म्हणजे या कचऱ्याला घातक कचऱ्याच्या नियमांतून १९८० साली तात्पुरती आणि १९८८ साली ईपीएनं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, पक्की दिलेली सूट. त्या सुटीमुळे हे पाणी स्वस्त राहिलं, आणि जे स्वस्त असतं ते कमी करायच्या मागे कोण लागतं?

नियम सगळे एकाच गोष्टीसाठी होते, की वरचं गोड पाणी वाचवायचं. केसिंग, म्हणजे विहिरीत बसवायचा पोलादी पाइप, किती खोल, सिमेंट कुठपर्यंत, दाब किती. खालच्या खडकाला हे पाणी दिल्यावर त्याचं काय होईल हा प्रश्न त्यात जवळजवळ नव्हताच.

३ सप्टेंबर २०१६, शनिवारची सकाळ, ७ वाजून २ मिनिटं. आधी आवाज आला, मोठा ट्रक घराला घासून जावा तसा, मग कपाटाची दारं आपोआप उघडमिट व्हायला लागली, आणि ते थांबेचना. पॉनी गावाजवळचा ५.८ रिश्टरचा भूकंप, ओक्लाहोमाच्या नोंदींतला सगळ्यात मोठा, शेजारच्या कितीतरी राज्यांत जाणवला. पॉनी नेशन या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या जुन्या दगडी इमारतींचं नुकसान झालं. आणि तो झाला अशा फॉल्टवर, म्हणजे खडकातल्या अशा भेगेवर, जो तोपर्यंत कुठल्याच नकाशात नव्हता. त्याच दिवशी राज्याच्या कॉर्पोरेशन कमिशननं, म्हणजे तेलविहिरींच्या नियामकानं, आसपासच्या ३७ इंजेक्शन विहिरी बंद करायला सांगितल्या, आणि ओसेज काउंटीतल्या विहिरी ईपीएच्या ताब्यात असल्यामुळे तिथल्या त्यांनी बंद करायला लावल्या. हीच ती ओसेज काउंटी, जिथल्या स्कायाटूकच्या मातीबद्दल वर लिहिलं. एकाच काउंटीत शंभर वर्षांपूर्वी वर टाकलेलं पाणी अजून मातीत आहे, आणि आत्ता खाली टाकलेल्या पाण्यामुळे विहिरींना कुलूप लागलं.

२००९ च्या आधी ओक्लाहोमात ३ रिश्टरच्या वरचे भूकंप वर्षाला सरासरी एक-दोन व्हायचे. २०१५ साली ते ९०० च्या वर गेले. त्याआधी नोव्हेंबर २०११ मध्ये प्रेग गावाजवळ ५.६ चा झाला होता, त्यात घरं पडली, शॉनीमधल्या एका कॉलेजच्या इमारतीचा बुरूज कोसळला. लोक म्हणतात फ्रॅकिंगमुळे, म्हणजे दाबाच्या पाण्यानं खडक फोडून तेल काढतात त्यामुळे, पण ओक्लाहोमात बहुतांश भूकंपांच्या मागे फ्रॅकिंगचं पाणी नाही, खडकातलंच जुनं खारं पाणी आहे, तेलासोबत वर आलेलं आणि आर्बकल नावाच्या थरात परत सोडलेलं. परत म्हणजे जिथून काढलं तिथे नाही. वरच्या थरातून काढलं आणि त्याहून खोल थरात घातलं. आर्बकल हा थर पाणी प्यायला इतका तयार की बऱ्याच विहिरींत पंपाची गरजच नाही, नुसतं ओतलं तरी जातं, म्हणून तो सगळ्यांना आवडायचा. आणि तो बसलाय थेट ग्रॅनाइटच्या पायावर, १०० कोटी वर्षांहून जुन्या, जुन्या भेगांनी भरलेल्या.

आता फॉल्टचा जोर म्हणजे काय ते बघा, कारण इथे मी खूप वेळ घालवलाय आणि मला ते सुंदर वाटतं. फॉल्टच्या दोन बाजू सरकू बघतात आणि घर्षण त्यांना धरून ठेवतं. घर्षण किती, तर त्या दोन बाजू एकमेकींवर किती जोरानं दाबल्या जातात त्याच्या साधारण ०.६ ते ०.८५ पट, बहुतेक सगळ्या खडकांना हा आकडा लागू पडतो, जेम्स बायर्ली यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलेला. पण भेगेत पाणी असेल तर पाण्याचा दाब त्या दोन बाजूंना आतून दूर लोटतो, म्हणून घर्षण काढताना बाजूंच्या दाबातून पाण्याचा दाब वजा करायचा. खडक तोच, खडबडीतपणा तोच, फक्त पाण्याचा दाब वाढवला की धरून ठेवायची ताकद कमी. पाणी वंगण म्हणून काम करतं असं बरेच जण लिहितात, तसं नाहीये.

हबर्ट आणि रूबी या दोघांनी १९५९ साली हे मांडलं आणि दाखवायला एक साधा प्रयोग केला. रिकामा बिअरचा कॅन थंड करायचा, उघडं तोंड खाली करून ओल्या काचेवर ठेवायचा, काच अगदी थोडीशी कलती. आधी कॅन हलत नाही. मग तो कोमट होत जातो, आतली हवा फुगते, कॅनचं वजन ती हवा तोलायला लागते, आणि एका क्षणी तो सर्रकन खाली घसरतो. कलतेपणा बदलला नाही, वजन बदललं नाही.

नंतर दोनच वर्षांनी, १९६१ साली, डेन्व्हरजवळ लष्करानं रॉकी माउंटन आर्सेनलमध्ये रासायनिक सांडपाण्यासाठी १२,०४५ फूट खोल विहीर खणली, मार्च १९६२ मध्ये पाणी सोडायला सुरुवात केली आणि त्याच वसंतात भूकंप सुरू झाले. डेव्हिड इव्हान्स नावाच्या भूशास्त्रज्ञानं १९६५ च्या नोव्हेंबरात दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून जाहीरपणे सांगितलं, फेब्रुवारी १९६६ मध्ये विहीर बंद झाली, आणि तरी सगळ्यात मोठा धक्का बसला ९ ऑगस्ट १९६७ ला, बंद केल्यावर जवळजवळ दीड वर्षानं. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे कोयना झालं, तिथे पाणी धरणाचं होतं. डेन्व्हरच्या त्या दीड वर्षाबद्दल मला नेहमी सांगावंसं वाटतं, कारण लोकांना वाटतं नळ बंद केला की झालं. दाब खडकातून पसरत राहतो, आधी जवळ, मग लांब, आणि लांबचा फॉल्ट जास्त मोठा असू शकतो.

तरीही कुणाला शंका असेल तर रेंजली. कोलोरॅडोतलंच तेलक्षेत्र, यूएसजीएसनं १९६९ पासून तिथे मुद्दाम प्रयोग केला. दाब वाढवला, भूकंप आले. पाणी उपसून दाब उतरवला, विहिरीजवळचे थांबले. परत वाढवला, परत आले. आणि प्रयोगशाळेत तिथल्या वालुकाश्माचं घर्षण मोजून, जागेवरचा ताण मोजून, किती दाबाला फॉल्ट सरकेल याचं गणित त्यांनी आधी मांडलं होतं, ते साधारण २५७ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) निघालं, आणि प्रत्यक्षात जुळलं. १९७६ साली हे छापून आलं. म्हणजे ओक्लाहोमात २०१० नंतर जे झालं त्याचं विज्ञान चाळीस वर्षं आधी, शेजारच्या राज्यात, तेलाच्याच विहिरीवर, सिद्ध होऊन बसलेलं होतं. मला याचा राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

दाब लागतो तरी किती? पाच किलोमीटरवर वरच्या खडकाच्या वजनाचा दाबच १३० मेगापास्कलच्या आसपास (एक मेगापास्कल म्हणजे दहा बार). ओक्लाहोमातल्या जोन्स भागातल्या भूकंपांचा २०१४ साली अभ्यास झाला, त्यात फॉल्ट सरकायला पुरेशी निघालेली वाढ होती सुमारे ०.०७ मेगापास्कल, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या एक तृतीयांश. एवढीशी वाढ पुरते कारण जमिनीतले बरेच फॉल्ट आधीच आपल्या मर्यादेला टेकून उभे असतात. पण सगळेच नाही, ज्यांची दिशा तिथल्या ताणाला नेमकी जुळते तेच, म्हणून हजारो इंजेक्शन विहिरी वर्षानुवर्षं मुकाट चालतात आणि एखाद्या ठिकाणी गाव हादरतं.

मातीवाल्या बाईला यात सगळ्यात जास्त काय भावलं ते सांगते. कॅलिफोर्नियात पार्कफील्डजवळ सॅन अँड्रियास फॉल्टला आरपार भोक पाडून २००७ साली पावणेतीन किलोमीटर खोलीवरून त्याचाच गाभा वर काढला. हा फॉल्ट इतका दुबळा का, घासून जेवढी उष्णता निघायला हवी तेवढी का निघत नाही, हे कोडं १९६९ पासून पडलेलं. गाभ्यात निघाली सॅपोनाइट, स्मेक्टाइट जातीची चिकणमाती, आणि तिचं घर्षण ०.१५ च्या आसपास, ग्रॅनाइटच्या पाव हिश्श्याइतकं. स्मेक्टाइट! जी माझ्या बीकरमध्ये रोज दुधट वलय सोडते तिची सख्खी बहीण, तसेच पातळ पापुद्रे, तशीच पापुद्र्यांच्या मधे पाणी धरायची सवय. आणि या चिकणमातीवरचा फॉल्ट तिथे मोठे धक्के देत नाही, तो वर्षभर हळूहळू सरकत राहतो. म्हणजे फॉल्ट दुबळा म्हणून धोक्याचा, असं सरळ नाही. ओक्लाहोमाच्या ग्रॅनाइटमधले फॉल्ट मजबूत आहेत, ते धरून ठेवतात, धरून ठेवतात, आणि सुटले की एकदम सुटतात.

ओक्लाहोमानं मग पाणी कमी करायला लावलं, भूकंपाच्या पट्ट्यात २०१४ च्या मानानं ४० टक्के कपात, तेलाचा भावही पडलेला होता, आणि भूकंप उतरले. काम झालं असं म्हणावं तर तोवर पश्चिम टेक्ससच्या पर्मियन भागात तीच गोष्ट सुरू झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे ५.४ चा झाला. तिथल्या नियामकानं, रेलरोड कमिशननं, खोल इंजेक्शनवर बंधनं आणली, म्हणून पाणी उथळ थरांत जायला लागलं. आणि उथळ थरांत काय आहे, तर शंभर वर्षांत खणलेल्या हजारो जुन्या विहिरी, काही नीट बुजवलेल्या, काही कशाबशा, काही बेवारस. जानेवारी २०२२ मध्ये क्रेन काउंटीत एका जुन्या विहिरीतून खाऱ्या पाण्याचा शंभर फूट उंच फवारा उडाला होता. उथळ थरांतला दाब वाढतोय, उपग्रहातून जमीन वर उचलली गेलेली दिसते, आणि ठिकठिकाणी पाणी वर येतंय, परत मातीवर. जून २०२५ पासून नव्या परवान्यांसाठी आसपासच्या जुन्या विहिरी पाव मैलाऐवजी अर्ध्या मैलापर्यंत तपासायला लागतात. बरं आहे. उशिरा आहे पण बरं आहे.

मातीवरून खाली, खालून भूकंप, भूकंपामुळे वरच्या थरात, वरच्या थरातून परत मातीवर. कोलोरॅडोत पॅराडॉक्स व्हॅलीत तर तेलाचा संबंधच नाही, डोलोरेस नदीत नैसर्गिक खारं पाणी मिसळू नये म्हणून सरकारनं ते काढून १९९६ पासून खोल विहिरीत सोडलं, वर्षाला जवळजवळ १ लाख टन मीठ, लाखो लोक पितात त्या कोलोरॅडो नदीसाठी, इतक्या चांगल्या हेतूनं, आणि तिथेही २००० साली ४.३ चा आणि मार्च २०१९ मध्ये ४.५ चा भूकंप झाला आणि इंजेक्शन थांबवायला लागलं. खडकाला हेतू कळत नाही.

आता नवीन उत्तर आलंय, पाणी शुद्ध करा आणि नदीत सोडा, शेतीला द्या. कोरड्या पश्चिम टेक्ससमध्ये हे ऐकायला फार छान वाटतं आणि मी त्याच्या विरुद्ध नाही. पण एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. लिटरला १२० ग्रॅम क्षार धरले तर प्रत्येक बॅरलमागे १९ किलो मीठ उरतं. पर्मियनमध्ये दिवसाला २ कोटी बॅरलच्या आसपास पाणी निघतं, सगळं शुद्ध केलं तर रोज पावणेचार लाख टनांहून जास्त मीठ, आणि ते विकायचं मीठ नाही, त्यात बाकी सगळं आहेच. कुणीही अशा प्लांटचं प्रेझेंटेशन दाखवलं की मी आधी विचारते, हे उरलेलं जाणार कुठे, वाटेत सांडलं तर खाली माती कसली, आणि जिथे ठेवणार तिथून जवळचा फॉल्ट कुठे आहे. विचारत राहणार.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी टेक्सस, ओक्लाहोमा, नॉर्थ डकोटाकडे राहत असेल, घराला विहिरीचं पाणी असेल, तर एक करा, आत्ता सगळं ठीक असतानाच पाणी तपासून घ्या. क्लोराइड, सोडियम, ब्रोमाइड, स्ट्रॉन्शियम, आणि ईसी, म्हणजे पाण्याची विद्युत वाहकता, तिच्यावरून क्षार किती ते कळतं. रिपोर्टवर तारीख नीट असू दे आणि नमुना कुठल्या नळाचा घेतला ते लिहून ठेवा. गळती झाल्यावर आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक लोकांकडे नंतरचा आकडा असतो, आधीचा नसतो, आणि समोरचा वकील पहिला प्रश्न त्याचाच विचारतो.